बोळातला वारा आणि वेगाचा घन

भिवंडीत जुलै महिन्यात दोन गोदामांच्या मधल्या बोळातून कधी चालला आहात? मोकळ्या रस्त्यावर नीट राहिलेली छत्री तिथे हमखास उलटते. माझ्या पीएचडीची सुरुवात त्या छत्रीपासूनच झाली. इमारतींनी वारा असा फुकटात गोळा करून दिलाय, मग तिथे पवनचक्की का नको?

हा मोह का होतो ते आधी बघू. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, बाहेर वारा सेकंदाला ४ मीटर आहे. एक चौरस मीटरमधून साधारण ३८ वॅट शक्ती जाते. बोळात तोच ६ मीटर झाला की १३० वॅट! वेग दीडपट, शक्ती तिपटीहून जास्त.

आता पुढचं गणितही करा. ३ मीटर व्यासाच्या चक्रातून सुमारे ७ चौरस मीटरचा वारा जातो, म्हणजे साधारण ९०० वॅट. बेट्झच्या नियमानुसार, मोकळ्या वाऱ्यात ठेवलेली चक्की यातले ५९ टक्क्यांहून जास्त घेऊच शकत नाही. छोट्या चक्कीला ३० टक्के मिळाले तरी नशीब. उरले २७५ वॅट. इथल्या यंत्रमागाला एक अश्वशक्तीची मोटर धरली, तर तिला ७४६ लागतात. एक लूमसुद्धा चालणार नाही! हा आकडा आला तेव्हा मी वही मिटून सरळ चहाला गेलो.

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. नळी अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो, हे आपण शाळेपासून घोकतो. पण बोळ म्हणजे नळी नव्हे. वर आकाश उघडं आहे. बोळात चक्की बसवली की तिथला अडथळा वाढतो आणि वाऱ्यातला काही भाग सरळ छपरावरून निघून जातो. म्हणजे रिकाम्या बोळात मोजलेला वेग चक्कीला मिळेलच असं नाही.

मग हे कुठेच जमत नाही का? जमतं. बहरीन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये २९ मीटर व्यासाच्या तीन चक्क्या आहेत, प्रत्येकी २२५ किलोवॅटच्या. तिथे मनोऱ्यांचा आकारच वारा मधे यावा म्हणून ठरवला, आणि आखातावरचा वारा बराचसा एकाच बाजूने येतो. आपल्याकडे हे काम सह्याद्री करतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर चढताना वारा दाबला जातो, वेग घेतो. तिथल्या चक्क्यांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतीलच.

भिवंडीचा नैऋत्य वारा मात्र पावसाळ्यापुरता. म्हणूनच गाइडनी माझा जुलैचा तक्ता बघून एवढंच विचारलं, "डिसेंबरचं काय?"

इथे सरासरीही फसवते बरं का. अर्धा वेळ २ मीटर, अर्धा वेळ ६ मीटर वारा असेल तर सरासरी ४, तिचा घन ६४. पण घनांची सरासरी ११२! म्हणून फक्त सरासरी वेग लिहून ठेवू नका, दर दहा मिनिटांची नोंद दिशेसकट जपा. वर्षभराची.

माझा प्रश्नही आता बदललाय. लूम सोडा, गोदामाच्या फाटकावरचे दिवे तरी चालतील का? अॅनिमोमीटर बोळाच्या तोंडाशी खांबावर लावलाय. डिसेंबर यायचाय.