आधी वीज, मग चित्र

सिनेमाच्या किंवा मालिकेच्या सेटवर कॅमेरा आता एकटा कधीच नसतो. मॉनिटर, वायरलेस व्हिडिओ ट्रान्समीटर, फोकसची मोटर असा सगळा संसार त्याच्या अंगावर चढलेला असतो आणि या साऱ्याला वीज लागते ती बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्याच बॅटरीतून. काही जळाले की पहिला संशय जास्त व्होल्टेजवर जातो. तो अगदीच खोटा नाही. पण महागड्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ आउटपुट ज्या प्रकारे निकामी होते, त्यामागे पुष्कळदा केबल जोडण्याचा उलटा क्रम असतो, आणि तो सुलटा करायला एक रुपयाही खर्च नाही.

व्होल्टेजचा हिशेब आधी उरकून घेऊ. 14.4 व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी बॅटरी पूर्ण चार्ज असताना 16.8 व्होल्ट देते आणि संपत आली की 12च्या आसपास उतरते. तिच्यावरचा डी-टॅप सॉकेट सहसा थेट सेलनाच जोडलेला असतो, मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारे काही नसते. म्हणून उपकरणावर नुसते ‘12 व्होल्ट’ लिहिलेले पुरेसे नाही, ते 17 व्होल्टपर्यंत तग धरते का हे पाहावे लागते. छोट्या कॅमेऱ्यांची डमी बॅटरी 8 व्होल्टच्या आतबाहेर चालते, तिला रेग्युलेटर नसलेली साधी डी-टॅप केबल जोडणे म्हणजे तो कॅमेरा गमावणे. डी-टॅपच्या प्लगचा आकार उलटा बसू नये असाच केलेला आहे, तरी मऊ प्लॅस्टिकचा स्वस्त प्लग जोर लावला की उलटा घुसतो आणि प्लस-मायनसची अदलाबदल होते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. 24 वॉटचा मॉनिटर भरलेल्या बॅटरीतून साधारण 1.4 अँपिअर ओढतो, तर उतरलेल्या बॅटरीतून 2 अँपिअर. सकाळी निमूट चाललेला फ्यूज दुपारी उडतो तो यामुळेही.

खरा घोळ मायनसच्या तारेत आहे. ट्रान्समीटरला दोन केबल जातात, एक विजेची आणि दुसरी चित्राची, म्हणजे एसडीआय. एसडीआय केबलची बाहेरची जाळी दोन्ही टोकांना उपकरणांच्या मायनसशी जोडलेली असते. आता एसडीआय आधीच लावलेली आहे आणि कोणी वरून डी-टॅप खोचला, असे समजा. प्लसची पिन मायनसच्या आधी टेकली, किंवा मायनसची तार आतून तुटलेली असली, तर ट्रान्समीटरचा सगळा प्रवाह परतीसाठी एसडीआयची जाळी धरतो. पाण्याची एक वाट अडली की ते दुसरी शोधते, तसेच हे. त्यात जाळीचा संपर्क ढिला असेल, तर तोच प्रवाह मधल्या तारेतून कॅमेऱ्याच्या चिपमध्ये शिरतो. ती चिप जेमतेम 0.8 व्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेली असते. डी-टॅप कॅमेऱ्याच्या बॉडीवरचा नसून बॅटरीच्याच अंगावरचा असेल, तर धोका आणखी वाढतो. बॅटरी बसवताना कॅमेऱ्याचा मायनस उशिरा टेकला, तर उपकरणाचा नव्हे, खुद्द कॅमेऱ्याचा प्रवाह त्या बारीक जाळीतून वाहू लागतो.

म्हणूनच आरी या जर्मन कंपनीने आपल्या कॅमेऱ्यांबाबत बजावले आहे: जोडताना आधी वीज, मग एसडीआय, आणि काढताना आधी एसडीआय, मग वीज. यावर नेहमीचे उत्तर असते की इतकी वर्षे वाटेल तशा केबल लावल्या, काही झाले नाही. झाले नाही, कारण केबल धड होत्या आणि मायनस वेळेवर टेकला. केबलची पिन झिजते तेव्हा ती आधी कळवून झिजत नाही. दुसरे उत्तर फ्यूजचे. फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो, पण तो वितळेपर्यंत चिप कधीच गेलेली असते.

उपकरणाला वेगळी बॅटरी द्यावी, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तिथे प्रवाह आपल्याच बॅटरीकडे परततो, एसडीआयच्या जाळीत त्याला काही काम उरत नाही. हातात कॅमेरा धरून चालायचे नसेल, तर हा उपाय उत्तमच. पण त्याच मॉनिटरला अर्थिंग नसलेल्या बोर्डावरून अडॉप्टरने वीज दिली की सगळे फिसकटते. आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या पुरवठ्यात अशा अडॉप्टरचा मायनस जमिनीच्या तुलनेत पुष्कळ व्होल्ट वर तरंगत असतो आणि एसडीआय टेकताक्षणी तो भार चिपवर उतरू शकतो. म्हणजे क्रम तिथेही पाळावाच लागतो, शिवाय अर्थिंगही तपासावे लागते.

घाई असते, बॅटरी बदलायला अर्धा मिनिट मिळतो, हे खरे आहे. पण एसडीआयचा जोड पाव फेरा फिरवून काढायला दोन सेकंद लागतात आणि आउटपुटचा बोर्ड गेला तर त्या दिवसाचे चित्रीकरणच अडते. कॅमेरे भाड्याने देणाऱ्यांनी हा क्रम प्रत्येक डी-टॅप केबलवर मराठीत आणि हिंदीत छापून चिकटवावा, आणि झिजलेल्या पिनेची केबल दुरुस्त करत न बसता फेकून द्यावी.