चाचणी त्यांच्यासाठी, विमा आपल्यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठवली. नियम गेले; त्या तीन वर्षांत चाचणी आणि विमा यांबद्दल रुजलेले समज मात्र अजून जागेवर आहेत. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून सेल्युलर जेल बघायला अंदमानला जाणारे पुष्कळ. नव्या जोडप्याला मालदीव नाहीतर फुकेतला पाठवण्याची हौसही आता नवी राहिलेली नाही. अशा घरांत त्या दिवसांचा विषय निघाला की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "दोन डोस झाले होते, तरी अडवलं." "मेडिक्लेम होता, तरी पैसे खिशातूनच गेले." "रिपोर्ट निगेटिव्ह होता, मग कोरोना आला कुठून?"

यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच आहे. चाचणीचा कागद ज्या गावी जायचं त्या गावाच्या रक्षणासाठी असतो, विम्याचा कागद आपल्या खिशाच्या. आपण दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आणि दोघांकडून एकच अपेक्षा केली.

समज : प्रवासात आरोग्याचे कागद दाखवणं कोरोनाने आणलं

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हुबळीकराला हे ऐकून हसू आलं असतं. १८९७-९८च्या प्लेगात मद्रास इलाख्याने बाधित भागातून येणाऱ्यांसाठी 'प्लेग पासपोर्ट'ची पद्धत सुरू केली. उतरलेल्या गावी प्रवाशाने ठरावीक दिवस तपासणीसाठी हजेरी लावायची, असा तो प्रकार होता. धारवाड तेव्हा सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य ठाणं होतं. आजच्या कर्नाटक कॉलेजची देखणी इमारत मुळात त्याच कंपनीची. रेल्वेमुळे व्यापार आला तसा प्लेगही आला. ऑगस्ट १८९८मध्ये बेंगळुरूत साथ शिरली ती याच बाजूने रेल्वेने, असं मानलं जातं. हाफकिनच्या प्लेगप्रतिबंधक लशीचा मोठा प्रयोग त्या वर्षी हुबळी-धारवाडमध्येच झाला आणि हजारोंनी ती टोचून घेतली. तेव्हा तपासणी, लस आणि कागद हे त्रिकूट आपल्या गावाला फार जुनं आहे.

समज : बेटांवरच्या कडक अटी म्हणजे पैसे काढण्याची युक्ती

काही ठिकाणी पैसाही होता, नाही असं नाही. पण बेटाचं गणित वेगळं असतं. तिथे यायला एकदोनच दारं, आणि रोग आत आला तर इस्पितळंही मोजकीच. १९१८च्या इन्फ्लुएन्झात सामोआ बेटांवर हा फरक अगदी क्रूरपणे दिसला. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत 'तालुने' नावाच्या जहाजाला धक्क्याला लागू दिलं गेलं, आणि तिथली सुमारे एकपंचमांश माणसं दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआने कडक विलगीकरण लावलं. तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही.

आपल्याकडचं उदाहरण लक्षद्वीपचं. २०२०चं संपूर्ण वर्ष तिथे कोविडचा एकही रुग्ण नव्हता. प्रवेशासाठी परवाना तिथे एरवीही लागतोच. शिवाय जाणाऱ्याला आधी कोचीत विलगीकरणात राहावं लागे. डिसेंबर २०२०मध्ये ती अट काढून ४८ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर रिपोर्ट पुरेसा ठरवण्यात आला. १८ जानेवारी २०२१ रोजी पहिला रुग्ण सापडला, कोचीहून आलेला. २०११च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती जेमतेम ६४ हजार. मे २०२१ संपेपर्यंत रुग्णांची संख्या हजारांत गेली होती. दुसऱ्या लाटेत ही बेटं विलगीकरण ठेवूनही कोरी राहिली असती का, हे सिद्ध करता येणार नाही. पण कोचीतले कंटाळवाणे दिवस जे काम करत होते, ते एका कागदावर सोपवलं गेलं होतं एवढं नक्की.

समज : रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे आपण निरोगी

आरटी-पीसीआर नाकाघशातल्या स्रावात विषाणूचा आरएनए शोधते. ज्या क्षणी स्वॅब घेतला त्या क्षणाचं ते उत्तर असतं. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला मूळ विषाणूच्या बाबतीत सरासरी पाचसहा दिवस, कधी चौदा दिवसही लागत. त्यामुळे शनिवारी निगेटिव्ह असलेला माणूस सोमवारी विमानात बसताना पॉझिटिव्ह असू शकतो, आणि त्यात प्रयोगशाळेची चूक नसते. फुकेतने १ जुलै २०२१ पासून 'सँडबॉक्स' योजनेत पर्यटकांना घेतलं, तेव्हा घरून आणलेल्या रिपोर्टवर न थांबता मुक्कामात आणखी तीन चाचण्या लावल्या, त्या याच कारणाने.

उलट बाजूही आहे. बरं झालेल्या माणसाच्या शरीरात विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे राहतात आणि चाचणी पॉझिटिव्ह येत राहते. म्हणूनच आयसीएमआरने ४ मे २०२१च्या सूचनेत एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नका असं सांगितलं. त्याच सूचनेत राज्याराज्यांत प्रवास करणाऱ्या निरोगी माणसांसाठी ही अट पूर्णपणे काढता येईल, म्हणजे प्रयोगशाळांवरचा ताण कमी होईल, असंही होतं. गंमत पाहा : त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० मेपासून ७२ तासांच्या आतल्या निगेटिव्ह रिपोर्टशिवाय कुणालाही गोव्यात घेऊ नये, असा आदेश दिला. एकाला प्रयोगशाळांची चिंता, दुसऱ्याला गोव्याच्या इस्पितळांतल्या प्राणवायूची. दोघांची बाजू खरी होती, आणि रामनगर-अनमोडच्या रस्त्यावर गाडीत बसलेल्याला यातलं काहीच कुणी समजावलं नाही.

तासांचा हिशेब हा आणखी एक घोळ. ४८ किंवा ७२ तास मोजायचे ते स्वॅब दिल्यापासून. रिपोर्ट हातात आल्यापासून मोजून कित्येकजण फसले. हुबळीसारख्या गावाला हे जास्त नडतं, कारण बेटाचं विमान इथून सुटत नाही. समजा, अट ४८ तासांची आहे, शनिवारी सकाळी दहाला स्वॅब दिला आणि सोमवारी सकाळी सातला बेंगळुरूहून विमान आहे. पंचेचाळीस तास झाले, जमलं. पण रविवारी रात्रीच्या बसमध्ये चढण्याआधी रिपोर्ट हाती हवा, आणि विमान साडेदहाला ढकललं गेलं की तोच रिपोर्ट शिळा. २२ मे २०२१ पासून परदेशी जाणाऱ्यांच्या रिपोर्टवर मूळ नोंदीशी जोडलेला क्यूआर कोडही सक्तीचा झाला, कारण खोटे रिपोर्ट विकणाऱ्या टोळ्या ठिकठिकाणी पकडल्या जात होत्या.

समज : दोन डोस झाले की चाचणी कशाला?

याचा अनुभव कोल्हापूर-सांगलीला नाती असलेल्या हुबळीकरांनी निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर घेतला. ३१ जुलै २०२१च्या आदेशाने कर्नाटकाने महाराष्ट्र आणि केरळातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट सक्तीचा केला, लस घेतलेली असो वा नसो. शेजारच्या गोव्यात मात्र दोन डोसवाल्यांना सवलत मिळू लागली होती. एकाच सुट्टीत दोन सीमा ओलांडणाऱ्याचा संताप होणं साहजिक होतं.

पण लस घेतलेल्याकडून संसर्ग होतच नाही, हा समज धारवाडातच खोटा ठरला. नोव्हेंबर २०२१मध्ये एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात एका कार्यक्रमानंतर रुग्णांचा आकडा तीनशेच्या घरात गेला. त्यातल्या बहुसंख्यांचे दोन्ही डोस झालेले होते. आजार बहुतेकांना सौम्य होता, आणि लशीचं काम तिथे दिसलं. बेटांचं म्हणाल तर सेशेल्सने मे २०२१च्या सुरुवातीला ६० टक्क्यांहून जास्त लोकांचं लसीकरण पूर्ण केलं होतं, जगात सगळ्यांच्या पुढे. नेमके त्याच वेळी तिथे रुग्ण वाढले आणि शाळा बंद कराव्या लागल्या. लस आपल्याला इस्पितळापासून वाचवते; यजमान गावाला ती अर्धीच हमी देते.

समज : मेडिक्लेम आहे, मग काय चिंता!

पैसे बुडतात ते इथे, म्हणून जरा थांबून पाहू.

अंदमान आणि लक्षद्वीप भारतात आहेत, हे आपण सहलीच्या भरात विसरतो. घरचा मेडिक्लेम तिथे चालतो. मार्च २०२०मध्येच आयआरडीएआयने विमा कंपन्यांना सांगितलं होतं, की इस्पितळाचा खर्च देणाऱ्या चालू पॉलिसींत कोविडचे क्लेमही हाताळा. अडचण येते ती दुसरीकडे : छोट्या बेटावर तुमच्या कंपनीचं कॅशलेस इस्पितळ नसतं, आणि गंभीर रुग्णाला हवाई मार्गाने मुख्य भूमीवर हलवण्याचा खर्च पॉलिसीत असेलच असं नाही. प्रश्न विचारायचा तो याबद्दल.

परदेशी बेटाला साधा मेडिक्लेम सहसा लागू पडत नाही. १० जुलै २०२०ला आलेली 'कोरोना कवच' पॉलिसी घेऊन मालदीवला निघालेलेही होते. ती साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांची, जास्तीत जास्त ५ लाखांची आणि पहिले १५ दिवस काहीच न देणारी पॉलिसी होती. भारत सरकारने प्रवासबंदी घातलेल्या देशात गेलात तर ती संपुष्टात येईल, असं तिच्या अटींतच लिहिलेलं होतं. नावात 'कोरोना' आहे एवढ्यावर लोकांनी विश्वास टाकला.

बेटांच्या मागण्याही निरनिराळ्या होत्या. श्रीलंकेने जानेवारी २०२१मध्ये दारं उघडली तेव्हा १२ डॉलरचा स्थानिक विमा सक्तीचा केला. त्यात महिनाभर ५० हजार डॉलरपर्यंतचं संरक्षण होतं. फुकेतने सुरुवातीला एक लाख डॉलरचा विमा मागितला, त्या वेळच्या दराने सत्तर लाख रुपयांहून जास्त. पुढे तो आकडा ५० हजार, २० हजार, १० हजार असा उतरत गेला आणि १ जुलै २०२२ला अटच गेली. मालदीवने जुलै २०२०मध्ये पर्यटकांना चाचणीशिवाय घेतलं, सप्टेंबरमध्ये पीसीआर सक्तीची केली, मे २०२१मध्ये दक्षिण आशियाला दारच बंद केलं, जुलैत उघडलं, आणि मार्च २०२२मध्ये चाचणीची अट काढली. गेल्या वर्षी शेजारी जाऊन आले म्हणून त्यांचीच यादी घेऊन निघणाऱ्याची फजिती यामुळेच झाली.

आता विमा काय देत नाही ते. इस्पितळात दाखल होऊन उपचार घेतले तर पैसे मिळतात; लक्षणं नसताना नुसतं खोलीत कोंडून ठेवलं, तर त्या खोलीचं भाडं बहुतेक पॉलिसींत बसत नव्हतं. बेटावर पॉझिटिव्ह आलेल्या बहुसंख्य पर्यटकांवर हीच वेळ आली. स्वॅबचे पैसे विमा देत नाही. "साथ वाढतेय, भीती वाटते" म्हणून सहल रद्द केली तरी देत नाही. सहल रद्द होण्याची जी कारणं पॉलिसीत नावानिशी दिलेली असतात, तेवढीच चालतात. पूर्वीपासूनचा मधुमेह, रक्तदाब लपवला तर क्लेम तिथेच अडकतो. आणि भारतातून निघाल्यावर, तिकडे ताप आल्यावर, पॉलिसी काढता येत नाही.

रेल्वेच्या तिकिटाबरोबर काही पैशांत मिळणारा विमा हा तर फक्त रेल्वे अपघाताचा असतो. त्यावर आजारपणाचा क्लेम करता येईल, असं समजणारी शिकलेली माणसं कमी नाहीत.

सगळी चूक ग्राहकाचीच होती असंही नाही. थायलंडमध्ये कोविड पॉझिटिव्ह आला की एकरकमी पैसे देणाऱ्या स्वस्त पॉलिसी भरमसाट विकल्या गेल्या, आणि २०२१-२२मध्ये क्लेमच्या ओझ्याखाली काही विमा कंपन्यांचे परवानेच रद्द करावे लागले. फार स्वस्त विमा दिसला की मला ते आठवतं.

विमान कंपनीकडचे पैसे ही तिसरीच गोष्ट. त्यांचा विम्याशी संबंध नाही. टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचा परतावा कसा द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२०च्या निकालात ठरवून दिलं होतं. एजंटमार्फत तिकीट काढलेल्यांचे पैसेही त्यात येत होते, पण कित्येकांनी ते मागितलेच नाहीत.

पुढची साथ कोणती आणि कधी येईल ते कुणी सांगावं. पण बेटं दारं लावतील, कागद मागतील, हे ठरलेलं आहे. तेव्हा चाचणीची अट त्या बेटाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. एजंटने पावती किंवा रंगीत कार्ड दिलं म्हणजे पॉलिसी मिळाली असं समजू नका. पूर्ण प्रत मागा आणि आधी 'काय समाविष्ट नाही' हे पान वाचा. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर कर्नाटकातल्या ग्राहकांसाठी बेंगळुरूला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही आणि फीही भरावी लागत नाही.