सुकाणूची ढिलाई

आमच्या घरीं एक मोटार आहे व ती घरांतील पुष्कळ माणसांपेक्षां वयानें वडील आहे. तीर्थरूप अण्णांनीं ती १९६७ सालीं घेतली, तेव्हां माझा जन्मही झाला नव्हता. फियाट ११०० डिलाइट हें तिचें नांव. इटलींतील तूरीन शहरीं १९५३ सालीं जी नवी ११०० मोटार निघाली, तिची सुधारलेली आवृत्ति १९६४ पासून मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेली. १९७४ पासून हीच मोटार प्रीमिअर पद्मिनी या नांवानें विकली गेली, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिला ओळखीत नाहीं असें मराठी घर विरळा. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून त्या टॅक्सीही गेल्या. आमची गाडी मात्र अद्याप चालते. घरांतील दोन सुना माप ओलांडावयास आल्या त्या हिच्यांतून, व तीन नातवंडें प्रसूतिगृहांतून घरीं आलीं तींही हिच्यांतूनच.

परंतु प्रस्तुत लेख गाडीच्या कौतुकासाठीं लिहिलेला नाहीं. जुन्या मोटारीस नवे अवयव जोडून ती सजविण्याचा छंद हल्लीं तरुणांत बराच पसरला आहे. छंद म्हणून तो वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. पण त्याच छंदापायीं आमच्या घरची सहा माणसें एका दुपारीं पसरणीच्या घाटांत प्राणसंकटांतून वांचलीं, व तें कां घडलें हें समजून घेण्यास आम्हांस एक महिना लागला. तो महिना कसा गेला तेंच येथें सांगावयाचें आहे.

गाडीला हात घातला तो माझ्या पुतण्यानें. मुलगा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हुशार व हाताचा चांगला. त्यानें मूळच्या अरुंद चाकांच्या जागीं रुंद रिम बसविले. पुढचे टायर झिजले होते म्हणून पुढें नवे रेडिअल टायर घातले. मागचे जुन्या घडणीचे टायर चांगले होते, तेव्हां ते तसेच ठेवले. पुढच्या स्प्रिंगचें एकेक वेटोळें कापून गाडी बसकी केली, आणि मोठें पातळ स्टिअरिंग काढून एक लहान, चामडें मढविलेलें चाक लावलें. आम्हीं सर्वांनीं हें कौतुकानें पाहिलें. पैसेही मींच दिले, म्हणून दोष देतांना मी स्वतःस वगळीत नाहीं. मोटारीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, हें तर मला नंतरच कळलें. अण्णा त्या वेळीं चौऱ्यायशीं वर्षांचे. गाडी चालविणें त्यांनीं सोडलें होतें. एकदां ते उभ्या गाडींत चाकामागें जाऊन बसले, चाक दोन्हीं बाजूंस फिरवून पाहिलें व एवढेंच म्हणाले, "ही हाताशीं बोलेनाशी झाली आहे." आम्हीं तें म्हातारपणाचें बोलणें समजलों.

पुढें गाडी सरळ रस्त्यावर भरकटूं लागली. चाक दोन बोटें फिरवावें तेव्हां कोठें ती वळावयास लागे. एका कारखान्यांत दाखविली. तेथील माणसानें स्टिअरिंगच्या पेटीवरील स्क्रू आवळून दिला, व ढिलाई दहा मिनिटांत नाहींशी झाली. आम्ही खूष झालों. त्याच आठवड्यांत पांचगणीहून वाईस उतरतांना एका आंखूड वळणावर पुतण्यानें गाडी डावीकडे घातली, वळण संपतांच संवयीनें चाकावरील पकड सैल केली. पण चाक आपण होऊन परत येईना. गाडी आंतल्या दरडीकडे जाऊं लागली. त्यानें घाबरून उलट हिसडा दिला, तसा मागचा भाग घसरला व गाडी आडवी होऊन दगडी कठड्याजवळ थांबली. मधलें अंतर मीं पावलांनीं मोजलें. दीड पाऊल भरलें.

त्या रात्रीं घरांत बैठक बसली. "आठवणी जपण्यासाठीं माणसें घालवायचीं नाहींत," असें वहिनींनीं स्पष्ट सांगितलें, आणि त्यांस उत्तर देण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पुतण्या मान खालीं घालून बसला होता. अखेर अण्णा म्हणाले, "मला एक महिना द्या. दोष सांपडला तर गाडी ठेवूं. न सांपडला तर गिऱ्हाईक मीच पाहीन."

अण्णांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. दुकान केव्हांच मुलाकडे गेलें. पण ते आले. स्टिअरिंगची पेटी आवळली आहे हें कळतांच त्यांनीं कपाळावर हात मारला. "पेटीला सगळ्यांत शेवटीं हात लावायचा असतो, साहेब. ह्यांनीं सगळ्यांत आधीं लावला."

याचें कारण समजण्यास पेटीची रचना ध्यानांत घ्यावी लागते. आंत एक पेचदार दंड असतो व त्याच्याशीं दुसरा भाग गुंतलेला असतो. चाक फिरवलें कीं पेच फिरतो व दुसरा भाग आडवा सरकून दांडे ओढतो. मोटार बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून पेचाचा मधला भाग सर्वांत अधिक झिजतो व टोकांकडील भाग जवळजवळ कोरा राहतो. मधली ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळला म्हणजे टोकांकडे तोच पेच करकचून बसतो. सरळ रस्त्यावर उत्तम वाटणारी गाडी वळणावर जखडते ती अशी. शिवाय आमची ढिलाई मुळांत पेटींतली फारशी नव्हतीच.

मग ती कोठली? येथें थोडें मागें जावें लागेल. बैलगाडीचा आंस एकसंध असतो, गाडी वळतांना तो बैलांबरोबर सबंध वळतो. मोटारींत तसें नाहीं. पुढचीं दोन चाकें आपापल्या खुंटीवर निरनिराळीं वळतात. शाळेच्या कवाइतींत मुलांची रांग कोपऱ्यावर वळतांना आंतला मुलगा लहान वर्तुळांत व बाहेरचा मोठ्या वर्तुळांत चालतो, तद्वत् आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक कोनांत वळलें पाहिजे, नाहीं तर एक चाक फरपटत जाईल. घोड्याच्या गाडीसाठीं ही युक्ति म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नांवाच्या बग्गी बांधणाऱ्यानें १८१६ च्या सुमारास काढली. परंतु इंग्लंडांत तिचें पेटंट १८१८ सालीं घेतलें तें त्याचे लंडनमधील अडत्ये, चित्रें छापून विकणारे रुडॉल्फ आकरमन यांनीं. जगभर ती आजही आकरमन यांच्याच नांवानें ओळखली जाते. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनीं त्याहीपूर्वीं आपल्या गाडीसाठीं असलीच योजना केली होती, पण तिचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. कर्त्यापेक्षां नोंद करणाऱ्याचें नांव राहतें, याचें असें उदाहरण क्वचितच मिळेल.

ही युक्ति साधावयाची म्हणजे पेटीपासून चाकापर्यंत दांडे, तरफा व सांधे यांची एक साखळी लागते, आणि प्रत्येक सांध्यास केसाएवढी झीज झाली तरी चाकावर बसलेल्या हाताला त्या सर्वांची बेरीज भोगावी लागते. मिस्त्रींनीं प्रथम चारी टायरांतील हवा पाहिली. मग पुढचा भाग जॅकवर उचलून खालीं भक्कम ठोकळे दिले. एका चाकास वरून व खालून धरून हलविलें, तों तें डुललें. "आतां ब्रेक दाबा," ते म्हणाले. मीं ब्रेक दाबला तरी डुलणें राहिलें. ब्रेक दाबल्यावर डुलणें थांबतें तर दोष बेअरिंगचा. थांबत नाहीं, तेव्हां दोष किंगपिनचा, म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळतें तिचा व तिच्या बुशांचा. एवढी साधी परीक्षा मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. पुतण्याच्या पुस्तकांतही ती नव्हती, असें तो म्हणाला.

सांध्यांची परीक्षा अण्णांनीं केली. त्यांस खालीं वांकवत नाहीं, म्हणून गाडी एका मित्राच्या गॅरेजमधील खड्ड्यावर नेली व अण्णा खड्ड्यांत खुर्ची टाकून बसले. पुतण्या चाक थोडें डावीकडे थोडें उजवीकडे हलवी, आणि अण्णा डोळे मिटून एकेका सांध्यावर बोटें ठेवीत. "हा बरा. हा मेला. हा अर्धा." मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांस अंधुकच दिसतें, पण सांध्याचे दोन भाग एकाच क्षणीं हलतात कीं एकामागून एक, हें बोटास कळतें. दोन सांधे मेलेले निघाले, व पेटीच्या समोरच्या बाजूस दांड्यास आधार देणाऱ्या तरफेचा बुश पार गेलेला होता. ते तीन भाग व दोन्हीं बाजूंचे किंगपिन बदलले. पेटीचा स्क्रू सैल करून, चाकें अगदीं सरळ असतां पुन्हां हलकेच लावला, आणि दोन्हीं टोकांस फिरवून कोठेंही जड जात नाहीं याची खात्री केली. जी दोन बोटें ढिलाई होती ती आतां अर्ध्या बोटावर आली. "एवढी राहूं द्या," मिस्त्री म्हणाले. "जुन्या गाडीला श्वास घ्यायला जागा लागते."

राहिला प्रश्न नव्या अवयवांचा. या बाबतींत आजोबा व नातू यांचें खरें भांडण झालें, आणि तें व्हावयास हवेंच होतें. रुंद रिम बाहेर सरकलेले होते. किंगपिनची रेषा खालीं वाढवून जमिनीस जेथें लागते व टायर जमिनीस जेथें टेकतो, त्यांतील अंतर त्यामुळें वाढलें होतें. प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्या अंतराच्या लांबीनें हातावर येई. स्प्रिंग कापल्यानें चाकास धरून ठेवणाऱ्या भुजांचा कोन बिघडला होता, म्हणून चाक उंचवट्यावर चढतांच आपण होऊन किंचित् वळे. रिम गेले, मूळ उंचीचे स्प्रिंग आले. लहान स्टिअरिंगही गेलें, कारण चाक जितकें लहान तितका जोर अधिक. पुतण्यानें तें मुकाट्यानें सोडलें.

परंतु टायरांच्या बाबतींत तो हटेना, आणि तोच बरोबर होता. जुन्या घडणीच्या टायरांत आंतील धागे तिरपे, एकमेकांवर आडवे घातलेले असतात. रेडिअल टायरांत ते कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात व नक्षीखालीं वेगळा पट्टा असतो; त्यामुळें बाजू लवचिक राहते व वळणावरही नक्षी जमिनीस सपाट चिकटते. गाडीची पकड रेडिअलनें वाढते यांत शंका नाहीं. चूक रेडिअल घातल्याची नव्हती, फक्त पुढें घातल्याची होती. पुढचीं चाकें चिकटून बसतात, मागचीं आधीं सुटतात, व गाडी आडवी होते. पुढें रेडिअल व मागें जुन्या घडणीचे अशी जोडी इंग्लंडच्या कायद्यानेंही निषिद्ध आहे. घाटांत आम्हांस घसरविलें तें यानेंच. अण्णा एक दिवस विचार करून म्हणाले, "मग मागेंही तेच घाला." पुतण्यानें त्याच संध्याकाळीं दोन टायर आणले.

शेवटचें काम दोरीचें. यंत्रावर अलाइनमेंट करून घेतां येतें, पण मिस्त्रींस दोरीच हवी होती. गाडीच्या दोन्हीं अंगांस चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणून त्या एकमेकींस समांतर केल्या; पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सारखें नसतें, म्हणून दोरी चाकांस टेकवून भागत नाहीं. मग दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत व मागच्या कडेपर्यंत मोजलें. रिम थोडा वांकडा असला तर माप फसवितें, यासाठीं रिमवर खडूची खूण करून, गाडी अर्धें चाक पुढें ढकलून तीच खूण मागच्या बाजूस आल्यावर मोजावयाचें. चाकें पुढें किंचित् आंत वळलेलीं ठेवावीं लागतात, कारण गाडी चालूं लागली कीं तीं बाहेर फांकूं पाहतात. मिस्त्रींनीं दोन मिलीमीटर ठेवले. त्यासाठीं दोन्हीं बाजूंचे दांडे सारखेच फिरविले. एकच फिरविला असता तर माप जुळलें असतें, परंतु पेटीचा मध्य चुकून सारें मुसळ केरांत गेलें असतें. गाडी चारपांच वेळां मागेंपुढें ढकलली व चारपांच वेळां मोजलें. दुपारचें जेवण चार वाजतां झालें, आणि वहिनींनीं त्याबद्दल कोणास बोल लावला नाहीं.

महिना संपावयास दोन दिवस असतां आम्ही पुन्हां पसरणीच्या घाटांत गेलों. या खेपेस मुलें घरीं ठेविलीं होतीं. गाडींत चौघेंच, व चौथ्या वहिनी, हट्टानें आलेल्या. पुतण्या चालवीत होता, अण्णा त्याच्या शेजारीं. कठड्याजवळच्या त्या वळणावर त्यानें गाडी घातली, बाहेर पडतांच बोटें सैल केलीं, आणि तें मोठें पातळ चाक त्याच्या तळव्यांखालून सरकत मध्यावर येऊन थांबलें. अण्णांनीं खिडकीबाहेर पाहात विचारलें, "आलें का परत?" "आलें, आजोबा." वहिनींनीं कृष्णेच्या घाटावर थांबावयास सांगितलें, व तेथें डबा उघडला.

गाडीच्या ग्रीसची नोंद अण्णा १९६७ पासून एका वहींत ठेवतात. त्या दिवशींची नोंद पुतण्याच्या अक्षरांत आहे, आणि खालीं त्यानें किंगपिनच्या पुढील ग्रीसची तारीखही लिहून ठेविली आहे.