मुक्या पडद्याचा दुभाषी

बंद पडलेले मोबाइल फेकून न देता कपाटाच्या खणात ठेवण्याची चाल आता बहुतेक घरांत पडली आहे. कोणाची बॅटरी फुगलेली असते, कोणाचे चार्जिंगचे तोंड सैल झालेले असते, कोणाचा मदरबोर्ड पाण्याने गेलेला असतो. परंतु यांतल्या पुष्कळ फोनांचा पडदा, म्हणजे दुरुस्तीवाले ज्याला ‘डिस्प्ले’ म्हणतात तो, अगदी शाबूत असतो. शेजारीच टेबलावर संगणक असतो आणि त्याच्या पाठीमागे मॉनिटरची केबल जोडण्याची जागा असते. ती केबल या पडद्याला जोडली तर एक लहानसा पण अत्यंत रेखीव मॉनिटर फुकटात मिळणार नाही का? शाळेतली मुले हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो मुळीच वेडगळ नाही. त्याचे उत्तर ‘होय, पण’ असे आहे. आणि त्या ‘पण’मध्ये तारांचा भाग थोडा असून माणसांच्या व्यवहाराचा व गुपितांचा भाग मोठा आहे.

मोह कशाचा पडतो ते आधी पाहू. बावीस इंची साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका इंचाच्या रेषेत साधारण १००. साडेपाच इंची फोनच्या पडद्यावर तेवढेच ठिपके बसवलेले असले, म्हणजे त्याच एका इंचात ४०० ठिपके येतात. चौरस इंचाचा हिशेब केला तर दहा हजारांच्या जागी एक लाख साठ हजार! ही दाट वीण लोकांच्या डोळ्यांत भरली ती २०१० साली, ॲपलच्या आयफोन ४ मुळे. त्याच्या साडेतीन इंची पडद्यावर ९६० गुणिले ६४० ठिपके होते, इंचाला ३२६. त्यानंतर चारपाच वर्षांत असे पडदे कोट्यवधींनी तयार होऊ लागले आणि त्यामुळेच स्वस्तही झाले. मोठ्या मॉनिटरांना ती घनता क्वचितच लाभली.

आता संगणक आणि मॉनिटर यांच्यातला शिष्टाचार ध्यानात घेऊ. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए ही जोडणी आणली. पुढे १९९९ मध्ये डीव्हीआय आणि २००२ अखेरीस एचडीएमआय आली. दरम्यान १९९४ पासून एक फार सोयीची रीत पडली. मॉनिटरच्या पोटात अवघ्या १२८ बाइटांचे एक परिचयपत्र ठेवलेले असते. केबल जोडताच संगणक ते वाचतो: कोणी बनवला, आकार किती, ठिपके किती, एका सेकंदात किती वेळा चित्र रंगवून हवे. या परिचयपत्राला ईडीआयडी म्हणतात. त्यामुळेच बेळगावात घेतलेला मॉनिटर इंदूरच्या मामांच्या संगणकालाही बिनतक्रार चालतो. दोघांची आधीची ओळख असण्याचे कारण नाही. पाहुणा दारात आला की आपले नाव, गाव सांगतो, आणि घरचे लोक त्याप्रमाणे पाट मांडतात.

फोनचा पडदा हा पाहुणा नव्हे. तो घरातलाच माणूस. फोन बनवणाऱ्या कंपनीला पडदा कोणता बसवायचा हे आधीच ठाऊक असते, तेव्हा ओळखपाळखीचा खटाटोप कशाला? काही पडदे विचारल्यास आपला एखादा क्रमांक सांगतात, पण सविस्तर परिचय देण्याची रीत तिथे नाही. शिवाय बॅटरीची वीज वाचवायची, तारा कमी करायच्या, जागा वाचवायची. या हेतूने २००३ साली स्थापन झालेल्या मिपी या संघटनेने फोनच्या अंतर्भागासाठी वेगळी जोडणी ठरवली. तिला डीएसआय म्हणतात. यात दुष्टावा काहीच नाही, काटकसर आहे. पण परिणाम असा की, संगणकाची आणि या पडद्याची भाषा निराळी झाली.

विजेच्या पातळीवर हा फरक असा. एचडीएमआयमध्ये चित्राच्या तीन जोडतारा आणि ठेका देणारी एक. त्यांवरचा दाब ३.३ व्होल्टांच्या आसपास हेलकावे घेतो. डीएसआयमध्ये बहुधा चित्राच्या चार जोडतारा आणि ठेक्याची एक. वेगाने बोलताना त्यांवरचा हेलकावा केवळ ०.२ व्होल्टांचा, आणि हळू आवाजात निरोप देताना १.२ व्होल्टांचा. एका केबलची टोके दुसरीला डाग देऊन जोडली तर चित्र उमटत नाहीच, पडदा मात्र कायमचा निकामी होऊ शकतो. मध्ये दुभाषी हवा.

आम्हां सीमाभागातल्या माणसांना दुभाष्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. कचेरीतून आलेला कानडी कागद शेजारच्या मुलाकडून वाचून घेणारी आजी प्रत्येक गल्लीत आहे. येथे तो मुलगा म्हणजे नखाएवढी एक चिप. ती संगणकाकडे तोंड करून मॉनिटरचे सोंग घेते, त्याला एक परिचयपत्र दाखवते, एचडीएमआयचा प्रवाह आत घेऊन त्यातले ठिपके वेगळे करते आणि डीएसआयच्या पुडक्यांत बांधून पलीकडे पाठवते. जपानच्या तोशिबा कंपनीने अशा चिपा काढल्या. तेव्हा यंत्राचा प्रश्न सुटलेला आहे, असे कोणालाही वाटेल.

पण पडदा अजून झोपलेला आहे! वीज दिली म्हणून तो उठत नाही. आधी त्याला ठरलेल्या क्रमाने निरनिराळे दाब द्यावे लागतात. द्रवस्फटिकाच्या पडद्यात बहुधा एक धन आणि एक ऋण, प्रत्येकी पाच व्होल्टांच्या जवळपास, आणि मागच्या दिव्यांच्या माळेला त्याहून बराच अधिक दाब. मग आज्ञा. यांतल्या दोन सर्वांना समान आहेत: सोळापायी अंकलेखनात ११ म्हणजे ‘जागा हो’ आणि २९ म्हणजे ‘चित्र दाखव’. या दोहोंमध्ये पुष्कळदा १२० मिलिसेकंद थांबायचे असते. परंतु ‘जागा हो’च्या आधी प्रत्येक कंपनीच्या पडद्याला त्याच्या खास आज्ञा ऐकाव्या लागतात, कधी दहा, कधी शंभराहून अधिक. रंगांचा समतोल, ओळी रंगवण्याचा वेळ, आतले दाब, सारे त्यांत असते. एक आकडा चुकला तर पडदा काळा राहतो किंवा भुतासारखे पट्टे दाखवतो. आणि या आज्ञांची वही पडदा बनवणारे लोक मोठ्या गिऱ्हाइकाखेरीज कोणाला देत नाहीत. देतात तीही गुप्ततेच्या करारावर. हजारो पडदे घेणाऱ्यास वही मिळते, एक पडदा हाती असलेल्या विद्यार्थ्यास मिळत नाही. खरे कुलूप आहे ते येथे.

ज्याच्या हाती वही असते त्याला काय साधते, याचे एक सुरेख उदाहरण २०१४ सालचे आहे. ऑक्युलस नावाच्या अमेरिकन कंपनीने डोक्याला बांधण्याचा, आभासी जग दाखवणारा एक संच कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी विकायला काढला; त्याचे नाव डीके-२, किंमत ३५० डॉलर. एका दुरुस्तीतज्ज्ञ मंडळीने तो उघडून पाहिला, तेव्हा आत सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ३ या फोनचा पुढचा भाग जसाच्या तसा बसवलेला आढळला. ५.७ इंची, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, निम्मा डाव्या डोळ्याला, निम्मा उजव्याला. संगणकातून साधी एचडीएमआय केबल येत होती आणि मध्ये तोशिबाची दुभाषी चिप होती. वर्षभर आधीच्या त्यांच्या पहिल्या संचात सात इंची, १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचा पडदा होता. एका वर्षात ही मजल गाठता आली, कारण फोनवाल्यांनी दाट पडदे आधीच स्वस्त करून ठेवले होते. पुढे तर हा पडदा सेकंदाला ६० ऐवजी ७५ वेळा रंगवण्याइतकी सलगी त्याच्याशी करण्यात आली. वही हाती असल्यावाचून ही सलगी जमत नाही.

याच संचाने एक गमतीची अडचण जगापुढे आणली. फोन आपण उभा धरतो, म्हणून त्याचा पडदाही उभाच रंगवला जातो, १०८० रुंद आणि १९२० उंच. संगणकाला डीके-२ जोडला की त्यास उभा मॉनिटर दिसे, आणि चित्र आडवे करण्याचे काम संगणकाला सांगावे लागे. ते दुभाष्यावर सोपवले तर? मग त्याला संपूर्ण चित्र आधी पाठ करावे लागेल, कारण आडव्या चित्राची पहिली ओळ ही उभ्या पडद्याचा पहिला स्तंभ असतो. एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइटांची स्मृती आणि एका चित्राइतका उशीर, असा त्याचा खर्च. स्वस्त दुभाष्याला हे परवडत नाही.

दुसरा हिशेब वेगाचा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकास २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे जवळजवळ तीन अब्ज बिट. २५६० गुणिले १४४० ठिपके असले तर ५.३ अब्ज. डीएसआयच्या एका जोडतारेवरून सेकंदाला एक अब्ज धरले, तर पहिल्या पडद्याला चार जोडतारा पुरतात, दुसऱ्याला पुरत नाहीत. तिथे चार-चारांचे दोन संच लागतात, आणि पडद्याचा डावा व उजवा भाग वेगवेगळ्या वाटांनी भरावा लागतो. त्यापुढच्या पडद्यांत चित्र दाबून, संक्षिप्त करून पाठवण्याची पद्धत २०१४ नंतर रुळली. अशा पडद्याच्या दुभाष्याला भाषांतराबरोबर सारांशही करता आला पाहिजे. गणित शिकवणाऱ्यांनी हा हिशेब वर्गात अवश्य करून घ्यावा. गुणाकाराचा इतका जिवंत दाखला पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

एवढे अडथळे असूनही एका धंद्याने या पडद्यांवर संसार थाटला. द्रव राळेपासून थरावर थर चढवून वस्तू घडवणारी छपाईयंत्रे २०१७ च्या सुमारास सामान्य कारागिराच्या आवाक्यात आली. वान्हाओ कंपनीचे डुप्लिकेटर ७ त्यांतले एक. त्यात साडेपाच इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा पडदा राळेच्या तबकाखाली निजवलेला असे. खालून जांभळट प्रकाश सोडायचा; पडदा जिथे काळा तिथे प्रकाश अडतो, जिथे पारदर्शक तिथे राळ घट्ट होते. त्या यंत्राला चित्र जाई ते संगणकाच्या एचडीएमआय केबलमधून. दाट वीण येथे शोभेसाठी नव्हती. ठिपका जितका लहान, तितकी वस्तू रेखीव. या यंत्रांचे पडदे त्या प्रखर प्रकाशाने झिजत आणि बदलावे लागत. म्हणून पडदा आणि दुभाषी पाटी यांच्या जोड्या सुट्या भागांच्या बाजारात मिळू लागल्या. आज हौशी माणसाला जे काही मिळते, त्यातले बरेचसे या धंद्याच्या कृपेने.

सगळेच पडदे इतके अबोल नसतात. ॲपलच्या २०१२ सालच्या तिसऱ्या आयपॅडचा ९.७ इंची पडदा, २०४८ गुणिले १५३६ ठिपक्यांचा, डीएसआय बोलत नाही. तो लॅपटॉपमध्ये रूढ असलेली भाषा बोलतो, आणि ती संगणकाच्या डिस्प्लेपोर्ट जोडणीची सख्खी बहीण आहे. त्यामुळे त्याला दुभाषी लागत नाही. योग्य कनेक्टर आणि मागच्या दिव्यांची वीज एवढ्यावर तो उजळतो. हौशी मंडळींनी त्याच्या पाट्या लवकरच तयार केल्या, यात नवल ते काय.

आणि कुलपाला एक फट आहे. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे, आणि ज्या परवान्याखाली लिनक्स वाटले जाते त्यात अशी अट आहे की, ते कोणी बदलून विकले तर बदललेली संहिताही गिऱ्हाइकास मागताच दिली पाहिजे. पडद्याला उठवणाऱ्या आज्ञा पुष्कळ फोनांत नेमक्या त्याच संहितेत लिहिलेल्या असतात. म्हणजे कराराने झाकलेली वही दुसऱ्या दाराने उघडी पडते. जुन्या फोनांवर नवे लिनक्स चढवू पाहणाऱ्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पातल्या मंडळींनी, २०१७ पासून, अशा संहितांतून पडद्यांच्या आज्ञा वेचून काढल्या आहेत. सगळ्या कंपन्या ही अट सारख्याच इमानाने पाळतात असे नाही. पण ज्या पाळतात त्यांच्या फोनांचे पडदे अनाथ होत नाहीत. २०२५ च्या जूनपासून युरोपीय संघाने नव्या फोनांचे डिस्प्ले, विक्री थांबल्यावरही सात वर्षे दुरुस्तीसाठी उपलब्ध ठेवण्याची सक्ती केली, हे उत्तम झाले. मात्र भाग मिळणे वेगळे आणि भागाची भाषा मिळणे वेगळे. माझ्या मते दुसरी मागणीही तितकीच रास्त आहे. विकत घेतलेल्या वस्तूशी बोलण्याचे शब्द विकणाऱ्याच्या तिजोरीत का राहावेत?

आता घरच्या मुलांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. फोन चालू असेल तर त्याचा पडदा उपटू नये. यूएसबी किंवा वाय-फायवरून अख्खा फोनच संगणकाचा दुसरा पडदा म्हणून वापरण्याची ॲपे मिळतात, आणि तिथे पडद्याचा घरचा माणूस त्याच्याशी बोलतोच आहे. फोन मेलेला असेल तर तो उघडताना बॅटरीला टोक लागता कामा नये; भोसकलेली लिथियम बॅटरी पेट घेते, म्हणून हे काम मोठ्यांच्या देखत, शक्यतो दुरुस्तीवाल्याच्या हातूनच व्हावे. दुभाषी पाटी घ्यायची झाल्यास पडद्यासकट जोडीने घ्यावी, कारण एका पडद्याची पाटी दुसऱ्याला सहसा चालत नाही. खर्च थोडा आणि यश पक्के हवे असेल, तर फोनचा नाद सोडून मोडक्या लॅपटॉपचा पडदा निवडावा. त्याच्या पोटात परिचयपत्र असते आणि जुळत्या पाट्या स्वस्त मिळतात. आमच्या शाळेच्या विज्ञानखोलीत असाच एक पडदा लाकडी चौकटीत बसवलेला आहे. सूक्ष्मदर्शकाचे चित्र तो चाळीस मुलांना एकदम दाखवतो.

आणि फोनचाच हट्ट असेल तर पडद्याच्या मागच्या पिवळसर लवचिक पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक भिंगाने वाचून वहीत लिहून घ्यावा. फोनचे नाव पुरत नाही; एकाच नावाच्या फोनात दोन वेगळ्या कारखान्यांचे पडदे असू शकतात, आणि त्या दोघांच्या आज्ञा वेगळ्या असतात.