आजीचा हरवलेला अंतरा

मुलांनो, गाण्याची पहिली ओळ ओठांवर आहे आणि पुढचं काही केल्या आठवत नाही, असं तुमचं कधी झालंय? माझ्या आजीचं झालं होतं. लहानपणी एका बुवांकडे शिकलेली यमन रागातली चीज ती भाजी निवडताना गुणगुणायची. अस्ताई संपली की थांबायची. "अंतरा गेला रे डोक्यातून!" बुवा तर केव्हाच वारले होते. मग अंतरा आणायचा कुठून?

तो सापडला गावच्या वाचनालयात!

गाणं कागदावर लिहून ठेवता येतं बरं का. त्या लिहिण्याला स्वरलिपी म्हणतात. पूर्वी आपल्याकडे गाणं तोंडीच शिकवलं जाई. शिष्य मिळाला नाही किंवा उस्तादांनी हातचं राखलं, की चीज त्यांच्याबरोबरच संपायची. ही गोष्ट विष्णु नारायण भातखंडे यांच्या मनाला लागली. १८६० साली मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ शिक्षणाने वकील. पण ते गावोगाव हिंडले, गवयांची मनं वळवून चीजा मिळवल्या आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांत छापल्या. त्याही मराठीतून!

आता शोधायचं कसं? नुसते चीजेचे शब्द सांगितले, तर ग्रंथपाल बिचारे काय करणार! आधी राग कोणता ते घरच्यांना किंवा गाण्याच्या बाईंना विचारा. मग संगीताचं कपाट गाठा. ड्युई दशांश पद्धतीने पुस्तकं लावलेली असतील, तर संगीताची पुस्तकं ७८० ते ७८९ या आकड्यांत असतात. मालिकेत चीजा रागवार दिल्या आहेत. यमन, भैरव, काफी, भैरवी असे दहा थाटांचे दहा राग दुसऱ्या भागात आहेत. आमचा यमन तिथंच भेटला.

पान उघडलं आणि आम्ही गोंधळलोच. ही कसली गणितं? पण खुणा अगदी सोप्या आहेत. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. खाली टिंब असेल तर खालच्या सप्तकातला स्वर, वर टिंब असेल तर वरच्या. स्वरांच्या ओळीखाली गाण्याचे शब्द आणि त्याखाली ताल. फुलीची खूण म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. त्रितालाच्या सोळा मात्रांत सम पहिल्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर येते. हाताने ताल धरा आणि एकेक मात्रा म्हणून बघा.

ते पुस्तक घरी नेता येत नव्हतं. म्हणून मी वाचनालयातच बसून अंतरा वहीत उतरवला. एकही टिंब सुटू नये म्हणून दोनदा ताडून पाहिला. घरी येऊन आजीला वाचून दाखवला. ती क्षणभर गप्प झाली आणि मग डोळे मिटून सबंध चीज गायली! शेवटी म्हणाली, "पण आमचे बुवा हा शब्द असा नव्हते हो म्हणत." मी तिचाही शब्द शेजारी लिहून ठेवला. वहीत हं, वाचनालयाच्या पुस्तकात नाही!

एक लक्षात ठेवा. पाककृती वाचून पोट भरत नाही, तसं स्वरलिपी वाचून गाणं पुरतं येत नाही. मींड कशी घ्यायची, स्वर कुठं हलवायचा, हे गुरूंकडूनच शिकावं लागतं. पण जे लिहिलेलं असतं, ते निदान हरवत तरी नाही.

आणि आजीच्या सगळ्याच गाण्यांचं पुस्तक वाचनालयात थोडंच मिळणार? तिच्या ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी कुणी लिहून ठेवली आहेत का? नसतील, तर या सुट्टीत एक कोरी वही घ्या आणि आजीजवळ बसा. आई-बाबांनो, तुम्हीही बसा. अंतरा आठवतोय, तोवरच!