जखमेचे आठवडे आणि मजुरीचे दिवस

स्तनांवरील शस्त्रक्रियेनंतर स्त्रीचे शरीर आठवड्यामागून आठवडा कसे सावरत जाते, हा आजचा विषय आहे. असा विषय डॉक्टरांनी मांडावा, कामगार संघटनेच्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. पण पुढचे सहा आठवडे पाणी कोणी भरायचे, मजुरी बुडाली तर चूल कशी पेटायची, हे प्रश्न रुग्णालयाच्या दाराबाहेरचे आहेत, आणि आमचे सारे आयुष्य त्या दाराबाहेरच गेले आहे. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. या विषयातले जे कळले ते पुस्तके वाचून, डॉक्टरांना विचारून आणि कामकरी बायांचे रजेचे अर्ज लिहून देता देता कळले.

त्यांतलाच एक अर्ज एका कारखान्यातून परत आला होता. स्तनांच्या भाराने त्या बाईची मान व पाठ वर्षानुवर्षे दुखत होती, म्हणून तिने ते लहान करून घेतले होते. कागदावर मात्र ‘कॉस्मेटिक’ असा शब्द पडला होता. नटण्यामुरडण्यासाठी रजा कशी द्यायची, असा वरून शेरा आला. तो शेरा लिहिणाऱ्याला एक साधी गोष्ट माहीत नव्हती. शस्त्रक्रियेला शोभेची म्हणा की गरजेची म्हणा, कापलेली कातडी भरून यायला सारखाच वेळ लागतो. ही गोष्ट नीट समजून घ्यावी, एवढ्यासाठी हे विवेचन आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. अशा शस्त्रक्रियांच्या शास्त्राला लोक प्लास्टिक सर्जरी म्हणतात, आणि आत प्लास्टिक घालतात असा पुष्कळांचा समज आहे. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे. म्हणून मराठीत सुघटन शस्त्रक्रिया हे नाव योग्य ठरते. हे शास्त्र श्रीमंतांच्या हौसेतून जन्मले असे मानणाऱ्यांनी आपल्याच मुलखातली एक हकीकत ध्यानात ठेवावी. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याच्या बाजूला विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, आणि युरोपातील शल्यवैद्य त्यावरून ही रीत शिकले. रुग्ण बैलहाक्या आणि वैद्य वीटकाम करणाऱ्यांतला, असा हा इतिहास आहे. आपल्या शेजारी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केलेला या शास्त्राचा विभाग देशातील अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी होय.

स्तनांच्या बाबतीत या शस्त्रक्रियांचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला आकार वाढविण्याचा. त्यासाठी सिलिकोनची पिशवी घालण्याची रीत १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात सुरू झाली. दुसरा भार कमी करण्याचा. स्तन फार जड असले की मान आणि खांदे भरून येतात, चोळीच्या पट्ट्यांचे खांद्यावर वळ पडतात, आणि आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते. वाकून निंदण करणाऱ्या किंवा डोक्यावर ओझे वाहणाऱ्या रेजेला हा त्रास किती होत असेल याची कल्पना करावी. तिसरा प्रकार कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यावर पोटाची अथवा पाठीची कातडी, चरबी वा स्नायू घेऊन तो पुन्हा घडविण्याचा. आम्ही पुढे जे आठवडे सांगणार आहोत ते मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचे आहेत. तिसऱ्या प्रकारात पोटावर किंवा पाठीवरही जखम असते, त्यामुळे दिवस अधिक लागतात.

आता जखम भरते म्हणजे काय होते ते पाहू. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते. पुढचे तीन-चार दिवस शरीर त्या जागेची साफसफाई करते. सूज, लाली आणि ऊन लागणे ही त्या कामाची खूण. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोलॅजेन नावाचे धागे विणले जाऊ लागतात. हे विणकाम आरंभी कच्चे असते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेच्या जागी मूळ कातडीच्या बळाच्या शेकडा ३ ते ५ इतकेच बळ आलेले असते. तीन आठवड्यांनी ते शेकडा २० ते ३० होते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० पर्यंत जाते. पुरे १०० कधीच होत नाही. ‘टाके निघाले, आता कामाला लाग’ असे ज्यांना वाटते त्यांनी हे आकडे पाठ करावेत. टाके निघतात त्या दिवशी जखम बंद झालेली दिसते, पण तिला ओझे सोसण्याची ताकद आलेली नसते.

पहिला आठवडा. भार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. जखमेत साचणारे रक्त व पाणी बाहेर यावे म्हणून कधी बारीक नळी ठेवतात. ती काही दिवसांत काढली जाते. छाती सुजलेली, ताठलेली व काळीनिळी दिसते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उताणे, पाठीखाली दोन उशा घेऊन निजावे. पुढून हुक असलेली, तारा नसलेली, आधार देणारी चोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस, रात्रीसुद्धा, अंगावर ठेवावी. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालावे, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचास खडा होतो, म्हणून पाणी आणि पालेभाजी भरपूर असावी. केस विंचरण्यासाठी हात डोक्यावर न्यायचा नाही; वेणी दुसऱ्याने घालावी. याच दिवसांत विनाकारण रडू येते. ते भुलीचे, वेदनेचे आणि अपुऱ्या झोपेचे परिणाम असतात. त्यावरून ‘हौस केलीस, आता भोग’ असे घरच्यांनी बोलू नये.

दुसरा आठवडा. वेदना पुष्कळ ओसरते आणि इथेच खरा धोका सुरू होतो, कारण बाईला वाटते आपण बऱ्या झालो. या सुमारास टाके पाहतात किंवा काढतात. स्तनाखाली जिथे उभी व आडवी शिवण मिळते त्या तिठ्यावर कातडीला रक्ताचा पुरवठा सर्वांत कमी असतो, आणि तिथे जखम थोडी उकलणे हे बरेचदा घडते. डॉक्टरांना दाखवून मलमपट्टी केली की ती भरते. हळद किंवा राख भरू नये.

तिसरा व चौथा आठवडा. बसून करण्याचे काम, म्हणजे शिवणयंत्राचे नव्हे तर वहीखात्याचे काम, बहुतेकींना जमते. भाजी चिरणे, ताटे वाढणे चालेल. पण पाण्याने भरलेला गुंड उचलणे, विहिरीवर दोर ओढणे, धुणे पिळणे, पाट्यावर चटणी वाटणे, चढत्या हाताने घर सारवणे हे सर्व छातीच्या स्नायूंचे काम आहे. दोन-तीन किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये, लहान मूलही कडेवर घेऊ नये. मूल मांडीवर येऊन बसले तर बिघडत नाही. वाकून उचलण्यात सारी ओढ टाक्यांवर येते. खांदा मात्र आखडू देऊ नये; डॉक्टर दाखवतील त्याप्रमाणे तो हळूहळू फिरवावा.

पाचवा व सहावा आठवडा. सूज उतरू लागते, चाल पूर्ववत होते. सहाव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली तर हलक्या ओझ्यापासून आरंभ करावा. कापूस वेचणारी बाई ओटीत कापूस साठवीत दिवसभर वाकलेली असते आणि शेवटी गाठोडे डोक्यावर घेते. तिने वेचणी आधी सुरू करावी, गाठोडे नंतर. जिनिंगमध्ये टोपले उचलणाऱ्या बाईला आणखी काही आठवडे हलके काम मिळाले पाहिजे.

तीन महिन्यांनी सूज जवळजवळ गेलेली असते. खरा आकार सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कळतो. व्रण आधी लाल, उंच व खाजरा होतो, मग एक-दीड वर्षात फिका पडतो. तोवर त्याला कडक ऊन लागू देऊ नये. स्तनाग्राची जाणीव काही काळ, क्वचित कायमची, कमी होते आणि पुढे अंगावर पाजताना दूध कमी पडू शकते. ज्यांना अजून मूल व्हायचे आहे त्यांनी हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावे.

काही चिन्हे दिसताच आठवडा न मोजता रुग्णालय गाठावे. एकच बाजू एकाएकी टणक फुगणे, ताप आणि वाढती लाली, पू, स्तनाग्र काळेनिळे पडणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, दम लागणे, ही ती चिन्हे होत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच असताना ‘उद्या पाहू’ म्हणण्याचे कारण नाही.

जखमेचे विणकाम अन्नावर चालते. त्याला प्रथिने लागतात, आणि क जीवनसत्त्वावाचून कोलॅजेन नीट तयारच होत नाही. यासाठी महागड्या डब्यांची जरुरी नाही. तुरीचे घट्ट वरण, अंडे, दूध, शेंगदाणे, अंबाडीची भाजी, आवळा आणि आर्वी-कारंज्याकडची संत्री पुरेशी आहेत. आमच्या भागातला मोठा शत्रू म्हणजे तंबाखू आणि खर्रा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, कातडीला रक्त मिळत नाही आणि जखम सडू शकते. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे व नंतरही तंबाखू बंद हवी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे सहा आठवडे बाईने आणायचे कोठून? १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य विमा योजनेत नाव असेल आणि वर्गणीचे दिवस भरले असतील, तर डॉक्टरी दाखल्यावर आजारपणाचा भत्ता मिळतो. तो सरासरी मजुरीच्या शेकडा ७० इतका आणि वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत असतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, जुन्या विमेदार कामगाराला, शेकडा ८० दराने तो दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. वैयक्तिक आरोग्यविम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरचे सुघटन, तसेच वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक उपचार, या वगळणुकीत येत नाहीत. म्हणून कागदावर कोणता शब्द पडतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. मान, पाठ व कातडीच्या तक्रारींची नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच केसपेपरवर करून घ्यावी, आणि घरी सोडताना डॉक्टरांकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: किती आठवडे काम बंद, आणि त्यानंतर किती आठवडे हलके काम.

अमेरिकेने १९९८ साली असा कायदा केला की जी विमायोजना कर्करोगाने काढलेल्या स्तनाचा खर्च देते तिने तो पुन्हा घडविण्याचा, इतकेच नव्हे तर दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी दुसऱ्या स्तनावरील शस्त्रक्रियेचाही खर्च द्यावा. आपल्याकडे आठवडे मोजणे कायद्याला अपरिचित आहे असे नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि १९९५ च्या दुरुस्तीने स्त्रीच्या नसबंदीनंतर दोन आठवड्यांची. ज्या रीतीने ते आठवडे मोजले गेले त्याच रीतीने प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेचे मोजता येतील. ही मागणी संघटनांनी करारात घातली पाहिजे.

राहिली शेतमजूर बाई. तिला ना विमा भत्ता, ना रजा. सरकारी आरोग्ययोजनेतून रुग्णालयाचे बिल भरले गेले तरी बुडालेल्या मजुरीला त्यात जागा नाही. तिच्यासाठी आम्हाला याच जिल्ह्यातला एक धडा आठवतो. सेवाग्रामच्या रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत आरोग्यविमा चालविला तेव्हा सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने वर्गणी गोळा होई. ज्याचे जास्त त्याने जास्त द्यावे, आणि आजाऱ्याची सोय व्हावी. त्याच धर्तीवर गावाने किंवा बचतगटाने विश्रांतीची कोठी ठेवायला काय हरकत आहे? शस्त्रक्रिया कोणतीही असो, घरी आलेल्या बाईला सहा आठवड्यांचे धान्य त्या कोठीतून मिळावे आणि तिचा पाण्याचा गुंड शेजारणींनी पाळीपाळीने भरावा. यात पैशाचे काम थोडे आणि हातांचे काम जास्त आहे. आणि हात आपल्या वस्त्यांत कमी नाहीत.