आकाशातून पडले जात्याचे दगड

१९१६ सालातले सुरुवातीचे महिने. इराकमधलं कुत हे टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव, आणि त्याला तुर्कांचा वेढा. आत अडकलेली इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. जव होता, पण दळणार कशावर? तेलाच्या इंजिनावर गिरणी चालवायची जुळवाजुळव झाली, पण दगड हवे होते. मग विमान आलं आणि वरून चक्क जात्याचे दगड टाकून गेलं!

आमच्या आजीच्या जात्याची वरची तळी मी लहानपणी एकदा उचलायला गेलो होतो. खुंटा दोन्ही हातांनी धरून जोर लावला, तेव्हा कुठे ती चार बोटं हलली. तसलं धूड त्या काळच्या लाकूड-कापडाच्या विमानातून नेणं म्हणजे काय, ते तेव्हापासून मला नीट कळतं.

एप्रिल उजाडेपर्यंत जवही संपत आला. १५ एप्रिलपासून विमानांनी शिधा टाकायला सुरुवात केली: पीठ, साखर, मीठ. वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न पुरवायचा जगाच्या इतिहासातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. पंधरा दिवसांत १४० फेऱ्या झाल्या आणि सुमारे १६,८०० पौंड, म्हणजे साडेसात टनांवर शिधा कुतमध्ये पोचला. काही पोती टायग्रिसमध्ये गेली, काही थेट तुर्कांच्या हाती.

आता हिशोब करू. एका फेरीला सरासरी ५४ किलो, म्हणजे ज्वारीचं जेमतेम अर्धं पोतं. आत सुमारे तेरा हजार फौज. दिवसाला माणशी ४० ग्रॅमसुद्धा येत नाही, एक भाकरीही धड होत नाही त्यात. २९ एप्रिलला फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. पुढे कैदेत किती जण गेले, त्याची आठवण काढली की आजही गलबलतं.

या पलटणींमध्ये सातारा भागातली पोरं भरपूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, आणि पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. सांगलीकरांनी इथं हिरमुसू नये! सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे ‘सातारचा शिपाई’ म्हणून ज्याची नोंद झाली, तो तासगावचाही असू शकतो.

लष्करी विमानाची मराठी मुलखाशी ओळख मात्र कुतच्याही आधीची. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादजवळ घोडदळाचे सराव चालले होते. तिथे ‘ब्रिस्टल बॉक्सकाइट’ विमान आणलं गेलं. चालवायला फ्रेंच वैमानिक आंरी जुलरो, आणि ‘शत्रू’ कुठे आहे ते वरून हेरायला सोबत कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. लिबियात इटलीच्या जूलिओ गाव्होत्तीनं विमानातून हातानं बॉम्ब टाकले ते त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. युद्धात विमानातून पडलेले ते पहिले बॉम्ब. म्हणजे त्याच्या नऊ-दहा महिने आधी मराठवाड्याच्या आभाळात टेहळणी करून झाली होती!

वेग? इराकमध्ये १९१५ साली आलेली ‘मॉरिस फारमन’ विमानं ताशी जेमतेम ८० किलोमीटर जायची. पुणे-बंगळूर महामार्गावरची एसटी त्यांना सहज गाठेल. तिथल्या वाळवंटातला ‘शमाल’ वारा कधीकधी त्याहून जोरात सुटायचा. मग पुढे उडायला निघालेलं विमान मागे ढकललं जायचं.

अशा विमानांवर काय काय अवलंबून होतं, ते पाहा. २१ नोव्हेंबर १९१५ रोजी मेजर रायली बगदादच्या वाटेवर टेहळणीला गेला. तुर्कांची नवी कुमक आलेली त्यानं पाहिली, पण परत येण्याआधीच त्याचं विमान खाली आलं आणि तो पकडला गेला. बातमी पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुणे डिव्हिजन टेसिफोनच्या लढाईत उतरली आणि तिची साडेचार हजारांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. तिथून माघार घेत फौज कुतला आली, आणि मग तो वेढा. माझ्या मते हवाई टेहळणीची किंमत याहून स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रसंग त्या युद्धात नसेल.

आणि वैमानिकाच्या जागेवर आपला माणूस? होता ना! मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. त्या युद्धात इंग्रजांच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक झालेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी ते एक. ‘सॉपविथ डॉल्फिन’ चालवायचे. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पाडलं गेलं. त्या जखमांतून ते वाचले नाहीत. हँगार्ड गावच्या स्मशानभूमीत त्यांचं थडगं आहे.

भारतीय हवाई दल त्यानंतर चौदा वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालं. पुढच्या एप्रिलमध्ये कराचीत पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, तेव्हा त्याच्याकडे विमानं होती फक्त चार, सगळी ‘वापिटी’. त्यांची देखभाल करणाऱ्या जवानांचा हुद्दा होता ‘हवाई सिपाही’.

साताऱ्याचं विचाराल तर देशातली पहिली सैनिक शाळा इथेच, १९६१ साली सुरू झाली. तिथे शिकलेले प्रदीप नाईक २००९ साली हवाई दलाचे प्रमुख झाले.